करपल्लवी आणि कुलूप

दिवाळीच्या सुट्टीत भाची वाशीमला आली ती लॅपटॉप घेऊनच. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखेला. रात्री जेवणं आटोपल्यावर ओसरीत मांडी घालून ती टाइप करत बसली. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही. अर्ध्या तासानं हाक आली.

“मामा, पाहा ना जरा. फाईल उघडूनच नाही राहिली.”

“नाव काय हाये वं फाईलचं?”

“नावच तं नाही. नुसती आडवी रेघ हाये.”

खरंच त्या फाईलचं नाव म्हणजे फक्त एक आडवी रेघ होती. फाईलमधला मजकूर वाचून दाखवायला ‘कॅट’ ही आज्ञा देतात. भाचीनं कॅट लिहिलं, पुढे रेघ दिली, एंटर दाबलं आणि संगणक गप्प झाला. चूक झाली म्हणेना, उत्तरही देईना. ती वाट पाहत बसली.

गंमत अशी की संगणकही तिचीच वाट पाहत होता. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींत अशा आज्ञेपुढची एकटी रेघ म्हणजे एक ठरलेली खूण आहे. तिचा अर्थ, ‘फाईल वाचू नकोस, कीबोर्डवरून जे येईल ते वाच.’ म्हणून तो ती काय टाइप करते याकडे कान लावून होता. समजा, एखाद्या माणसाचं नावच ‘थांबा’ आहे. चालत्या एसटीत त्याला नुसती “थांबा!” अशी हाक मारली, तर कंडक्टर घंटी वाजवणार. “रिसोडचे थांबा” म्हटलं तर तो माणूस मान वळवेल. फाईलचंही तसंच आहे. रेघेच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ दिली, म्हणजे ‘मी उभी आहे त्याच जागेतली ही रेघ’ असा पत्ता दिला, की ती निमूट उघडते. भाचीनं तसं केलं. पडद्यावर अक्षरांची एक लांबलचक ओळ उमटली. ती होती पुढच्या पायरीचा पासवर्ड. पोरीचा चेहरा असा फुलला, की मीही चहा ठेवायला सांगून तिच्या शेजारी बैठक मारली.

ती खेळत होती त्या खेळाचं नाव ‘बॅन्डिट’. ओव्हर द वायर नावाच्या स्वयंसेवी मंडळींनी तो चालवला आहे, फुकट आहे आणि अगदी नवख्यांसाठी आहे. या जातीच्या सगळ्या खेळांना मिळून ‘कॅप्चर द फ्लॅग’ म्हणतात, थोडक्यात सीटीएफ. झेंडा पळवण्याचा डाव. झेंडा म्हणजे कुठेतरी लपवलेली अक्षरांची ओळ. ती शोधून दाखवली की गुण मिळतात. अमेरिकेतल्या लास व्हेगासला १९९३ पासून ‘डेफ कॉन’ नावाचा हॅकरांचा मेळा भरतो. तिथे १९९६ मध्ये असा डाव पहिल्यांदा रीतसर मांडला गेला. मोठ्या स्पर्धांत अनेक संघ एकमेकांच्या संगणकांवर चढाई करतात आणि आपापला संगणक सांभाळतात. नवख्यांच्या स्पर्धेत मात्र नुसती कोडी असतात, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी. कार्नेगी मेलन विद्यापीठानं शाळकरी मुलांसाठी २०१३ मध्ये ‘पिकोसीटीएफ’ सुरू केलं. त्यात झेंड्याच्या आधी स्पर्धेचं नाव असतं आणि झेंडा महिरपी कंसात असतो, त्यामुळे सापडलेली वस्तू झेंडाच आहे हे लगेच ओळखू येतं. आपल्याकडे अमृता विश्वविद्यापीठाच्या केरळातल्या विद्यार्थ्यांनी ‘इनसीटीएफ’ उभी केली आणि देशभरातल्या महाविद्यालयांना या खेळाची चटक लावली.

हॅकिंग हा शब्द आपल्या कानांवर बहुतेक वेळा वाईट बातमीतूनच येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डं वापरून अनेक देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे उपसले गेले. अशा बातमीनंतर घरातली पोर रात्री काळ्या पडद्यासमोर बसलेली दिसली, तर आईबापांच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण बँकेचं दार राखायचं तर ते कसं उघडतं हे कळणारी माणसं लागतात, आणि ती अशाच डावांतून तयार होतात. म्हणून मला वाटतं, या खेळाची ओळख मुलांइतकीच पालकांनाही हवी.

बॅन्डिटच्या पहिल्या काही पायऱ्यांत हॅकिंगसारखं काहीच नसतं. दूरच्या संगणकात शिरायचं असतं, त्यासाठी ‘एसएसएच’ हा सुरक्षित मार्ग असतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. नवखा माणूस इथेच घाबरतो आणि कीबोर्ड बिघडला असं समजतो. तो बिघडलेला नसतो. मागे उभ्या असलेल्याला पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये म्हणून तसं केलेलं आहे. आत गेल्यावर पहिली फाईल सरळ समोर असते. दुसरी ती रेघवाली. तिसऱ्या फाईलच्या नावात मोकळ्या जागा असतात, त्यामुळे संगणकाला एका नावाची चार नावं वाटतात. ते नाव अवतरणात बांधून द्यावं लागतं.

पुढच्या पायरीला फोल्डर रिकामा दिसतो. त्यातली फाईल लपलेली असते, कारण तिच्या नावाची सुरुवात टिंबानं होते. टिंबानं सुरू होणारी नावं यादीत न दाखवण्याची पद्धत कशी पडली, ती हकीकत रॉब पाईक या जुन्या युनिक्सकारानं सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘ही जागा’ आणि ‘वरची जागा’ अशा दोन नोंदी असतात. पहिलीचं नाव एक टिंब, दुसरीचं दोन टिंबं. यादीत त्या दिसू नयेत म्हणून प्रोग्रॅमरनं सोपी वाट काढली, पहिलं अक्षर टिंब असेल तर नाव गाळायचं. त्यामुळे टिंबानं सुरू होणारं प्रत्येकच नाव गळू लागलं, आणि लोकांनी त्याचा लपवण्यासाठी उपयोग सुरू केला. म्हणजे ज्याला आज आपण ‘लपलेली फाईल’ म्हणतो, ती कुणी विचारपूर्वक केलेली तिजोरी नाहीच. ते एक जुनं दुर्लक्ष आहे. यादीच्या आज्ञेला ‘सगळं दाखव’ असं सांगितलं, की फाईल समोर येते.

मग एक पायरी येते तिथे वीस फोल्डर, प्रत्येकात पुष्कळ फाईली, आणि हवी ती एकच. खुणा तीन दिलेल्या असतात: माणसाला वाचता येईल असा मजकूर, आकार नेमका १०३३ बाइट, आणि ती चालवण्याजोगी नसावी. भाची एकेक फाईल उघडायला निघाली होती. मी म्हटलं, “सोयाबीन काढल्यावर तू दाणा-दाणा निवडतं का वं?” तिला कळलं. चाळणी लावायची. ‘फाइंड’ ही आज्ञा म्हणजे चाळणीच. तिला आकाराची अट सांगितली की एका क्षणात एकच फाईल उरते. तीन खुणांपैकी कोणती खूण सगळ्यांत जास्त कचरा उडवेल हे ओळखणं एवढंच त्या पायरीचं मर्म आहे.

आणि मग आम्ही दहाव्या पायरीवर आलो. माझ्या मते या सगळ्या खेळाची खरी गोष्ट तिथे सुरू होते.

फाईल उघडली. आत इंग्रजी मोठी अक्षरं, लहान अक्षरं, मध्येच आकडे, आणि शेवटी बरोबरची दोन चिन्हं. अर्थ लागेना. “मामा, हे तं कुलूप लावलेलं हाये,” भाची म्हणाली. मी म्हटलं, “कुलूप नाही. ही करपल्लवी आहे.”

हा शब्द मराठीत अजून जिवंत आहे, पण ती प्रत्यक्षात कशी असते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हाताच्या खुणांनी अक्षरं सांगायची ती रीत. हात नागाच्या फण्यासारखा केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्र फिरवलं की च-वर्ग, धनुष्याच्या टंकाराची खूण केली की ट-वर्ग, झाडाची खूण म्हणजे तरू, तो त-वर्ग, आणि पालवीची खूण म्हणजे पल्लव, तो प-वर्ग. कमळ, चक्र, टंकार, तरू, पल्लव. प्रत्येक खुणेच्या नावातच तिच्या वर्गाचं पहिलं अक्षर आहे, म्हणून ती विसरत नाही. वर्ग सांगून झाला की बोटं दाखवायची. पालवीची खूण करून पाच बोटं दाखवली की प-वर्गातलं पाचवं अक्षर, म्हणजे म. कमळ करून तीन बोटं दाखवली की ग. मात्रा चुटकीनं सांगायची.

न शिकलेल्याला हे सगळं गूढ वाटेल. पण ज्याला रीत माहीत आहे, त्या प्रत्येकाला ते वाचता येतं. करपल्लवीला किल्ली नसते. एक यादी असते, आणि ती यादी सगळ्यांसाठी एकच असते. समोरची फाईल तशीच होती. तिचं नाव बेस-६४.

संगणकाच्या पोटात सगळं शून्य आणि एक यांतच असतं. आठ शून्य-एक मिळून एक बाइट. काही जुन्या मार्गांवरून, विशेषतः ईमेलमधून, फक्त साधी अक्षरं सुखरूप जात. चित्र किंवा ध्वनी पाठवला तर वाटेत मोडतोड व्हायची. म्हणून तीन बाइट घ्यायचे, म्हणजे चोवीस शून्य-एक, आणि त्यांचे सहा-सहाचे चार गट करायचे. सहा जागांत शून्य-एक मांडण्याच्या चौसष्ट रीती होतात. त्या प्रत्येकीला एक अक्षर नेमून दिलं: सव्वीस मोठी अक्षरं, सव्वीस लहान, दहा आकडे, एक अधिकचं चिन्ह आणि एक तिरकी रेघ. झाले चौसष्ट. शेवटच्या गटात तीनपेक्षा कमी बाइट उरले, तर बरोबरचं चिन्ह लावून जागा भरायची. म्हणून फाईलच्या शेवटी ती चिन्हं दिसली, की जाणत्याच्या तोंडून लगेच नाव निघतं. उलगडायला एकच आज्ञा पुरते. किल्ली लागत नाही, कारण कुलूपच नाही.

मराठी वाचकासाठी यात एक खास गोष्ट आहे. आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे व्यंजन, स्वर किंवा काना-मात्रा, नेमके तीन बाइट घेतं. आणि बेस-६४ तीन बाइटचीच चार अक्षरं करतं. त्यामुळे देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे बरोबर चार अक्षरं, शिल्लक काही उरत नाही. त्यातही देवनागरीचे पहिले दोन बाइट जवळजवळ ठरलेले असतात. परिणाम असा, की प्रत्येक चौकडीची सुरुवात ‘चार, के, एस’ किंवा ‘चार, के, डब्ल्यू’ अशीच होते. ‘वाशीम’ हा शब्द घ्या. व, काना, श, दुसरी वेलांटी, म, अशी पाच चिन्हं. बेस-६४ मध्ये त्याची वीस अक्षरं होतात: चार-के-एस-एक, चार-के-एस-अधिक, चार-के-एस-दोन, चार-के-डब्ल्यू-ए, आणि शेवटी चार-के-एस-यू. यातला शेवटचा यू तेवढा लहान लिपीतला. म्हणजे अगम्य दिसणाऱ्या मजकुरात ‘चार, के, एस’ हे त्रिकूट पुन्हा पुन्हा दिसलं, तर उलगडण्याआधीच सांगता येतं की आत मराठी किंवा हिंदी असणार. भाचीनं वाशीम, मानोरा, कारंजा अशी सगळी गावं टाकून पाहिली. प्रत्येक वेळी तेच त्रिकूट निघालं. मध्ये मोकळी जागा टाकली की मात्र घडी मोडायची, कारण मोकळी जागा एकाच बाइटची असते.

आता वाशीमची एक जुनी गोष्ट सांगायला हवी. या गावाचं प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ती शाखा होऊन गेली हे इतिहासाला कळलं ते वाशीमला सापडलेल्या ताम्रपटामुळे. राजशेखरानं काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचं लग्न लावलं ते याच विदर्भातल्या वत्सगुल्मात. आणि वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्माच्या लोकांचा उल्लेख आहे. त्याच कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी येते. तीत दोन कला एकमेकींच्या शेजारी बसल्या आहेत. एक अक्षरमुष्टिकाकथन, म्हणजे मुठीच्या आणि बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगणं. तिला लागून दुसरी म्लेच्छितविकल्प, म्हणजे शब्द ओळखू येऊ नयेत असे फिरवून लिहिणं-बोलणं. करपल्लवी पहिल्या कलेतली. बेस-६४सुद्धा त्याच घरातलं. दुसरी कला आमच्या पुढच्या पायरीवर उभी होती. कलांचा आकडा चौसष्ट आणि या पद्धतीचाही चौसष्ट, हा निव्वळ योगायोग. पण त्या दोन कला वेगवेगळ्या मोजल्या गेल्या हा योगायोग नाही. खुणेनं सांगणं आणि लपवून सांगणं यांतला फरक त्या यादीकाराला नीट कळला होता, असं मी मानतो. आज मोठमोठ्या कंपन्यांतले नवे इंजिनिअर पासवर्ड बेस-६४ करून ठेवतात आणि तो सुरक्षित झाला असं समजतात, तेव्हा तोच फरक त्यांच्या हातून निसटलेला असतो.

अकरावी पायरी. फाईलमध्ये अक्षरं आहेत, शब्द पडलेले दिसतात, मध्ये मोकळ्या जागाही आहेत, पण एकाही शब्दाला अर्थ नाही. ही ‘रॉट-१३’. इंग्रजी वर्णमालेत सव्वीस अक्षरं. प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं. ए चा एन होतो, बी चा ओ. तेरा म्हणजे सव्वीसची निम्मी, त्यामुळे पुन्हा तेरा घरं सरकवलं की मूळ अक्षर परत येतं. लपवायची आणि उघडायची क्रिया एकच. इंग्रजी लिपीतलं वाशीम या पद्धतीनं ‘जे एन एफ यू व्ही झेड’ होतं, आणि त्यालाच पुन्हा फिरवलं की वाशीम परत येतं.

ही युक्तीही आपल्याकडे होती, आणि देवनागरीच्या अंगानं जाणारी होती. कामसूत्रावर यशोधराची जयमंगला नावाची टीका आहे. तीत म्लेच्छितविकल्पाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक ‘मूलदेवीय’. त्यात अक्षरांच्या जोड्या लावायच्या: अ आणि क, ख आणि ग, घ आणि ङ, च आणि ट, त आणि प, ञ आणि ण, न आणि म, र आणि ष, ल आणि स, य आणि श. मजकुरात जोडीतलं एक दिसलं की दुसरं लिहायचं. ज्यांना जोडीदार नाही ती तशीच ठेवून आणि मात्रा न हलवता आपल्या तालुक्यांची नावं फिरवून पाहा. मालेगावचं ‘नासेखाव’ होतं. मानोऱ्याचं, म्हणजे मानोरा या रूपाचं, ‘नामोषा’. नामोषा पुन्हा फिरवा, मानोरा हजर. रॉट-१३ चं सगळं वागणं यात आहे, फक्त सरकवण्याऐवजी जोड्या आहेत. भाचीनं वहीत दोन ओळींचा तक्ता केला आणि घरातल्या सगळ्यांची नावं फिरवली. आजीचं नाव फिरवल्यावर झालेलं रूप ऐकून आजी स्वतःच पोट धरून हसली.

मराठीत या कलेचा फार मोठा आणि गंभीर वापर महानुभाव पंथानं केला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे पंथाचं पवित्र स्थान. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं, मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ. पुढे पंथानं आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. सकळ लिपीचं तत्त्व तेच आहे, एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं चिन्ह. शेकडो वर्षं बाहेरच्या वाचकाला या पोथ्या बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांमुळे त्या लिपीची उकल अभ्यासकांपुढे आली, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची सुरुवातीची पानं नव्यानं लिहावी लागली. झेंडा मिळवणं म्हणतात ते याला. माझ्या माहितीत मराठीत याहून मोठा झेंडा कुणी मिळवलेला नाही.

पण इतकी वर्षं ती लिपी टिकली कशामुळे? लिपी अवघड होती हे कारण लहान, आणि पोथ्या परक्याच्या हाती पडत नव्हत्या हे कारण मोठं, असं मला वाटतं. कारण एकास-एक बदलाची लिपी पुरेसा मजकूर हाती आला की टिकत नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या पंडितानं रीत लिहून ठेवली आहे. मूळ भाषेत कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजायचं, लपवलेल्या मजकुरात कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजायचं, आणि दोन याद्या समोरासमोर ठेवायच्या. अक्षर कपडे बदलतं, पण त्याची येण्याजाण्याची सवय बदलत नाही. लीळाचरित्रात तर ‘गोसावी’ आणि ‘सर्वज्ञ’ हे शब्द सतत येतात. एवढा धागा सापडला, की चार-पाच अक्षरं एकदम हाताला लागतात. आजची नवखी सीटीएफ कोडी सोडवणारी पोरं हेच करतात. कधी मोजतात, कधी ‘झेंड्याच्या आधी स्पर्धेचं नाव असणारच’ या खात्रीवर तेवढी अक्षरं आधी बसवतात. रॉट तर याहून सोपं, पंचवीस प्रकारे फिरवून पाहायचं, एक तरी वाचता येतंच.

मग खरं कुलूप कोणतं? डच भाषाशास्त्रज्ञ ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये त्याची कसोटी सांगितली. पद्धत शत्रूला पूर्ण माहीत झाली तरी किल्ली मिळाल्याशिवाय मजकूर उघडता कामा नये. गोदरेजचं कुलूप आतून कसं असतं हे कुणीही बाजारात विकत घेऊन, खोलून पाहू शकतो. तरी तुमच्या दाराचं कुलूप तुमच्याच किल्लीनं उघडतं. तुम्ही ऑनलाइन पैसे पाठवता तेव्हा वापरली जाणारी पद्धत जगजाहीर आहे, पुस्तकांत छापलेली आहे. गुप्त असते ती दर वेळची किल्ली. बॅन्डिटमध्ये पुढे अशा किल्ल्यांच्या पायऱ्याही येतात. बाराव्या पायरीवर मात्र एका फाईलवर कांद्यासारखे पापुद्रे चढवलेले असतात. एक दाबबंद फाईल उघडली की आत दुसऱ्या पद्धतीनं दाबलेली दुसरी, तिच्या आत तिसरी. कोणता पापुद्रा कोणत्या पद्धतीचा हे फाईलचे पहिले काही बाइट सांगतात. जीझिप असेल तर पहिले दोन बाइट ठरलेले असतात, ‘एक-एफ’ आणि ‘आठ-बी’. नावावर विश्वास ठेवायचा नाही, पोटात काय आहे ते पाहायचं. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ या नावानं प्रत्यक्षात एक ॲप येतं आणि लोक ते उघडून बसतात. बाराव्या पायरीवर रात्रभर झुंजलेली मुलगी तसं करणार नाही.

वेबच्या कोड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. पिकोसीटीएफमध्ये ती पुष्कळ असतात. पहिला धडा म्हणजे ब्राउझरमध्ये पानाचा मूळ कोड उघडून पाहणं, कारण प्रोग्रॅमरनं स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा तिथे राहून गेलेल्या असतात. दुसरा धडा ‘रोबोट्स’ नावाच्या फाईलचा. शोधयंत्रांनी कोणत्या पानांकडे जाऊ नये हे सांगायला १९९४ मध्ये ही पद्धत निघाली. पण ती फाईल कुणालाही वाचता येते. शेतात ‘इथे धन पुरलं आहे, कृपया खणू नये’ अशी पाटी लावल्यासारखं ते होतं. खरं दार बंद न करता नुसती पाटी लावणारी संकेतस्थळं आजही भरपूर आहेत.

आता महत्त्वाचं. ही कोडी ज्या संगणकांवर असतात, ते संगणक याचसाठी मोकळे ठेवलेले असतात. मालकाची परवानगी आहे. तीच युक्ती शाळेच्या, बँकेच्या किंवा एखाद्या सरकारी संकेतस्थळावर परवानगीशिवाय वापरली, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली तो गुन्हा ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘नुसतं पाहत होतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. एखाद्या संकेतस्थळात दोष चुकून दिसलाच, तर तिथेच थांबावं आणि केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला कळवावं. ती संस्था २००४ पासून हेच काम करते. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. हे मी भाचीला खेळाच्या आधी सांगायला हवं होतं, ते मध्यरात्री सांगितलं. तुम्ही आधी सांगा.

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला. २०१८ मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे घेतले, त्यांत वाशीम आहे. आकांक्षित म्हणजे ज्यांना अजून पुष्कळ अंतर कापायचं आहे. इथल्या मुलांना पुण्या-मुंबईच्या महागड्या शिकवण्या परवडत नाहीत, हे मी रोज पाहतो. म्हणूनच या खेळाबद्दल मला एवढं सांगावंसं वाटलं. याला फी नाही. भारी संगणक लागत नाही. विंडोज असेल तर नव्या आवृत्त्यांत एसएसएच आधीच असतं. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ नावाचं ॲप घालून बॅन्डिट खेळता येतं. पिकोसीटीएफ तर ब्राउझरमध्येच चालतं. डेटाही फार लागत नाही, कारण येतं-जातं ते नुसतं अक्षर. इंग्रजी कच्चं असलं तरी अडत नाही, पंधरा-वीस आज्ञा पाठ झाल्या की हात बसतो.

दोन गोष्टी पाळाव्यात. एक वही ठेवावी, प्रत्येक पायरीला काय करून पाहिलं आणि ते का फसलं हे तीत लिहावं. भाचीच्या वहीत रेघवाल्या फाईलचं पान अख्खं भरलं आहे, आणि मला खात्री आहे ती रेघ ती जन्मभर विसरणार नाही. दुसरी, तयार उत्तरं इंटरनेटवर पडलेली असतात, ती तासभर झुंजल्याशिवाय उघडू नयेत. उत्तर वाचून पुढे गेलं तर पायरी पार होते, पण हाती काही लागत नाही. अडलं तर आज्ञेसोबत येणारी माहितीपत्रिका वाचावी. ‘मॅन’ लिहून पुढे आज्ञेचं नाव दिलं की ती उघडते. शिक्षकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत शनिवारी दोन तास यासाठी काढले, तर एका संगणकावर तिघं बसूनही हा डाव उत्तम रंगतो. एकटं खेळण्यापेक्षा तो तसाच जास्त रंगतो.

सुट्टी संपवून भाची परत गेली तेव्हा ती पंधराव्या पायरीवर होती. बॅन्डिटच्या पायऱ्या तीसहून अधिक आहेत. तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला सुरुवात करायची असेल, तर शोधयंत्रात ‘ओव्हर द वायर बॅन्डिट’ लिहा. शिरण्याचा पत्ता त्याच पानावर आहे, पोर्ट २२२०. पहिल्या पायरीचं वापरकर्तानाव ‘बॅन्डिट’ आणि त्याला जोडून शून्य. पासवर्डही तोच.